मामांना जिवंत ऑक्टोपस बघायचा होता

आमच्या प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत एकशे बारा बरण्या आहेत आणि त्या सगळ्या जोतीराममामांच्या आहेत. कागदोपत्री त्या कॉलेजच्या, पण मामांना न विचारता त्यातल्या एकीला हात लावून दाखवा. मी इथं चौदा वर्षं शिकवते, विभागप्रमुख आहे, माझीही हिंमत होत नाही. मामा कागलच्या आमच्या कॉलेजात एकतीस वर्षं प्रयोगशाळा परिचर आहेत. बरण्या पुसायच्या, फॉर्मलिन कमी झालं की भरायचं, प्रॅक्टिकलला टेबलावर मांडायच्या आणि संपलं की जागच्या जागी ठेवायच्या, हे त्यांचं काम. प्राण्यांची नावं त्यांना तोंडपाठ आहेत, पण ते बोलतात नंबरानं. "मॅडम, बावीसचं झाकाण सैल झालंय." बावीस म्हणजे समुद्रघोडा.

परीक्षेत मामा काय काय उद्योग करतात ते मला पक्कं माहीत आहे. बरणीसमोर एखादं पोर घाम पुसत उभं राहिलं की मामा बाहेरून आलेल्या परीक्षकांच्या पाठीमागे जाऊन उभे राहतात. चौदा नंबरला दोन्ही हातांची मिळून आठ बोटं दाखवायची, म्हणजे पोरानं ओळखायचं की हा ऑक्टोपस. मी दोनदा झापलं. "बोटं आकडली हुती," म्हणाले. तिसऱ्यांदा मी खिडकीबाहेर बघत राहिले.

या महिन्याच्या शेवटी मामा निवृत्त होणार. निरोपसमारंभाला काय द्यायचं म्हणून मीच त्यांना विचारलं.

"शाली चार हायत घरात," मामा म्हणाले. "द्यायचंच आसंल तर मला एकदा त्यो चौदा नंबर जित्ता दावा. एवडी वर्सं सांबाळला, हलताना कदी बगितला न्हाय."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. दर वर्षी आमची अभ्याससहल कोकणात जाते. विभागातले दुसरे सर जातात, मी जाते, एकदा तर ऑफिसातला क्लार्कसुद्धा आला होता. मामा कधीच नाहीत, कारण प्रयोगशाळेच्या चाव्या त्यांच्याकडे आणि त्या दुसऱ्या कुणाकडे द्यायला मी तयार नसते. या वेळी मी चाव्या माझ्या पर्समध्ये टाकल्या आणि मामांना गाडीत बसवलं. हे चौदा वर्षांत आधी का सुचलं नाही, हे कृपा करून विचारू नका.

अमावस्येच्या पहाटे पाच वाजता आम्ही मालवणजवळच्या एका खडकाळ किनाऱ्यावर उभे होतो. अकरा विद्यार्थी, मी आणि मामा. अमावस्येला ओहोटी मोठी असते, समुद्र लांब मागे जातो आणि एरवी पाण्याखाली असणारे खडक उघडे पडतात. ते दाखवायला वाटाडी होती तमन्ना. कबनूरची ही मुलगी आमचीच माजी विद्यार्थिनी, वडिलांचे चार यंत्रमाग आहेत. घरच्यांना वाटलं होतं बँकेत लागेल, ही गेली तीन वर्षं इथं राहून लोकांना पहाटे समुद्र दाखवते. मामांना बघताच तिनं लांबूनच आठ बोटं वर केली. मामांनी माझ्याकडे चोरून बघितलं.

"मामा, कोल्हापुरी पायताण घालून खडकावर? पाय घसरून कंबर मोडेल," तमन्ना म्हणाली.

"आगं, ह्याच पायतानानं जोतिबाचा डोंगूर चढलोय मी."

"जोतिबाच्या डोंगरावर शेवाळ असतंय का?"

शेवटी एका पोराचे जादा बूट मामांच्या पायात चढले. दोन नंबर मोठे होते, म्हणून नाड्या घोट्याभोवती गुंडाळल्या. तमन्नानं नियम सांगितले: पाय मोकळ्या खडकावरच ठेवायचा, दगड उलटायचे नाहीत, काही उचलायचं नाही, आणि ती म्हणेल तेव्हा मुकाट्यानं परत फिरायचं.

पहिल्याच डबक्यात बॅटरीच्या उजेडात एक समुद्रफूल दिसलं. हिरवंगार, टोकं जांभळी, पाण्याबरोबर डुलणारं. पोरं वेडी झाली. मामा वाकले, बराच वेळ बघितलं आणि मान हलवली.

"ह्ये आमचं न्हवं. आमचं सतरा नंबर पांढरं हाय."

मला हसू फुटलं. पुढं एक तारामासा निघाला, विटकरी रंगाचा. "ही दुसरी जात आसंल. आमचा नऊ नंबर पांढरा." मग खेकडा, मग पिवळी किनार असलेली गोगलगाय. मामा प्रत्येकाला तपासत होते, नापास करत होते आणि पुढं जात होते. मी मागं चालत मनसोक्त हसत होते. इतकी मजा मला कुठल्याच सहलीत आली नव्हती.

पण चौदा नंबर काही दिसेना. पूर्वेला उजळायला लागलं. तमन्ना दर दोन मिनिटांनी पाण्याकडे बघायला लागली. ओहोटी संपून पाणी परत फिरलं होतं.

"दहा मिनिटं, मॅडम. मग निघायचं," ती म्हणाली.

"तुझा ऑक्टोपस रजेवर आहे का?" मी चिडून म्हटलं.

"मॅडम, समुद्र काय आमच्या कबनूरचा माग आहे, बटण दाबलं की सुरू?"

मामांनी तपासणं सोडून दिलं होतं. एका खडकावर ते नुसते उभे होते, हात मागे बांधून, परीक्षा संपल्यावर उभे राहतात तसे. "आसू दे, मॅडम," ते म्हणाले. "पांढरं कायबी दिसंना. एवडं आणलंसा, त्येच लई झालं." मला फार वाईट वाटलं. पुन्हा कुठली सहल आणि कुठले मामा.

"मामा, पाय हलवू नका," तमन्ना एकदम दबक्या आवाजात म्हणाली. "डाव्या बुटाजवळ बघा."

"काय हाय? दगूड हाय की."

दगडानं डोळा उघडला.

मग तो दगड सैल झाला, पसरला, आठ बाजूंनी वाहायला लागला. करडा होता तो तांबूस झाला. वाळूवर आला आणि अंगावर ठिपके उमटले. शेवाळावर चढला आणि हिरवट झाला. एक हात पुढं आला, मामांच्या बुटाच्या नाडीला चिकटला आणि त्यानं ती हळूच ओढून बघितली. मामांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला हात हलवायची त्यांची तयारी नव्हती.

नाडी पसंत पडली नसावी. ती सोडून तो कपारीच्या तोंडाशी जाऊन बसला आणि पुन्हा दगड झाला.

"पांढरा न्हाय की ह्यो," मामा म्हणाले.

"मामा, पांढरा तो फॉर्मलिनमुळं होतो. मेल्यावर रंग उतरतो. बरणीतले सगळेच मूळचे रंगीत," तमन्ना म्हणाली.

"सगळं? एकशे बारा?"

"हो."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तुमास्नी ह्ये ठावं हुतं?"

"मामा, मी दर वर्षी शिकवते हे. ऑक्टोपसवर माझी दोन लेक्चर असतात. तुम्ही तिथंच तर असता."

"आत कुटं, मॅडम? मी भायेर आसतोय. तुमीच म्हनता की, मामा, दार वडून घ्या." रागानं नाही, रुसून नाही, झाकण सैल झालंय म्हणून सांगावं तसं सांगितलं.

चौदा वर्षं. किती पोरांना मी हा प्राणी शिकवला. त्यातली निम्मी आता याचं नावही विसरली असतील. आणि ज्या माणसानं तो जपला, त्याच्या तोंडावर मी दार लावून घेत होते. आज पहाटेसुद्धा सांगायचं सोडून मागं हसत चालले होते. मला माझीच लाज वाटली.

तमन्नानं हाक मारली. मी तिला पोरांना घेऊन पुढं व्हायला सांगितलं. "मॅडम, पाणी चढतंय," ती कुरकुरली. पाच मिनिटं दे, म्हटलं. लाटेचं पाणी आमच्या घोट्यांपर्यंत आलं होतं.

"मामा," मी म्हटलं, "याला तीन हृदयं असतात."

मामा कपारीवर वाकले होते. त्यांनी मान वर केली नाही.

"सांगा की," ते म्हणाले. "ऐकतोय."