पाहुण्याचा बाण

ऑफिसात तिला सगळे मिस्त्रीणबाई म्हणत. वीस वर्षं तिने लिफ्टच्या दुरुस्तीत हात काळे केले होते. गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा कंपनीने तिला घरबसल्या दुरुस्त्यांचं नियोजन दिलं, आणि स्वयंपाकघरातलं टेबल हेच तिचं ऑफिस झालं. टीममधले सहा जण सहा शहरांत. भेटायची जागा एकच, स्क्रीनवरचा मोठा पांढरा बोर्ड. त्यावर कामांच्या रंगीत चिठ्ठ्या लावायच्या आणि 'आज', 'या आठवड्यात', 'नंतर' अशा रकान्यांत सरकवायच्या. कोण काय हलवतंय ते कळायचं, कारण प्रत्येकाच्या माउसचा बाण नावानिशी फिरायचा.

त्या सोमवारी तिने 'आज'मध्ये लाल चिठ्ठी लावली: नऊ मजली इमारत, थांबल्यावर लिफ्ट इंचभर घसरते, ब्रेक तपासा. चहा ओतून येते तो चिठ्ठी 'नंतर'मध्ये. तिने परत आणली. तिच्या डोळ्यांदेखत एक बाण आला नि चिठ्ठी ओढून घेऊन गेला. त्यावर नाव नव्हतं, नुसतं 'पाहुणा'.

मीटिंगमध्ये तिने विचारलं, हा पाहुणा कोण? वरचं कोणी असेल, म्हणत साहेबांनी विषय झटकला आणि मतं घ्यायला लावली: जे काम तातडीचं वाटेल त्यावर ठिपका द्यायचा. नव्या माहितीपत्रकावर पाच ठिपके पडले. लाल चिठ्ठीवर एक, तिचाच.

"साहेब, ब्रेक मतं मोजत नाही," ती म्हणाली.

साहेबांनी तिचा माईक बंद केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघ्याला पट्टा बांधून, दोन बस बदलून ती त्या इमारतीत पोचली. वॉचमन लेखी हुकूम मागत राहिला. तिने त्याच्यासमोरच लिफ्ट रिकामी करून मेन स्विच बंद केला. मग आपल्या जुन्या जोडीदार मेकॅनिकला बोलावून ब्रेक उघडायला लावला. आतलं अस्तर पार संपलं होतं. लोखंडावर लोखंड घासत होतं.

"ताई, याच खेपेतले ब्रेक आपण आणखी अकरा ठिकाणी बसवलेत," मेकॅनिक म्हणाला.

ती जिन्यातच बसली आणि मोबाइलवर बोर्ड उघडू लागली. 'तुम्हाला हा बोर्ड पाहण्याची परवानगी नाही,' एवढंच आलं. साहेब फोन उचलेनात. मग मेकॅनिक आठवून आठवून इमारती सांगत गेला, ती बसच्या तिकिटामागे लिहीत गेली आणि एकेका वॉचमनला फोन लावत गेली. संध्याकाळपर्यंत त्या अकरांपैकी आठ लिफ्ट बंद झाल्या.

उरलेल्या तीन त्याला आठवेनात; त्या कुठल्या, ते फक्त बोर्डावर होतं.