दोऱ्याखालचा फ्यूज

चूक त्याचीच होती. गॅरंटीतला पंखा उघडायचा नाही, एवढा साधा नियम. पण त्या दिवशी घाईत त्याने पावती न बघताच पंखा उघडला, दुरुस्त केला आणि सवयीप्रमाणे मागच्या झाकणाच्या आत पेन्सिलीने तारीख घातली. वर आणखी एक ओळ खरडली: ‘इथे गोंद ओतणारा महामूर्ख आहे.’ पुढे त्याच पंख्याची मान मोडली. गिऱ्हाइकाने तो कंपनीकडे पाठवला, विचारल्यावर दुकानाचा पत्ताही देऊन टाकला, आणि आठवड्याभरात कंपनीची बाई ते झाकण पिशवीत घालून हजर.

टेबलपंखे दुरुस्त करायचं त्याचं दुकान म्हणजे जिन्याखालची खोली. दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्याने बाहेरूनच बोलायचं. गल्लीत त्याला ‘वकील’ म्हणत, कारण पंखा हातात घेण्याआधी तो गिऱ्हाइकाची उलटतपासणी घ्यायचा. “पडला? आपोआप? पंख्याला पाय फुटले होते का?” पंख्यांच्या मोटारी बनवणाऱ्या कारखान्यात त्याने अकरा वर्षं तार गुंडाळली होती. एका संध्याकाळी साहेबाने पाठ थोपटली आणि दुसऱ्या सकाळी कमी केलेल्यांच्या यादीत त्याचं नाव लागलं. तेव्हापासून कोणी गोड बोललं की तो आधी दोन पावलं मागे सरायचा.

“हे अक्षर तुमचं ना, काका?” बाईने झाकण पुढे केलं.

“छे! माझं अक्षर इतकं चांगलं कुठलं?”

बाईने भिंतीकडे पाहिलं. ‘पंखा कधी मिळेल हे विचारू नये’ ही पाटी त्याच अक्षरात होती.

“बरं. ज्याचं असेल त्याला निरोप द्या. तो महामूर्ख मीच.”

आत बसून स्क्रू निवडणारी त्याची बायको फिसकन हसली. वकील हसला नाही. आरोपी इतक्या लवकर कबुली देतो म्हणजे नक्की कुठेतरी पाणी मुरतंय.

बाई पंख्यांची रचना करणारी होती. स्क्रू बसवायला वेळ लागतो म्हणून वरून हुकूम आला आणि तिने झाकण चिकटवलं. मग एकदा ती कचरा डेपोवर गेली, तर तिचेच पंखे ढिगाने पडलेले. “आता नवा करतेय. दहा वर्षं टिकेल, एका पेचकसाने उघडेल, बिघडलेला तेवढाच भाग बदलता येईल. आणि खरंच मेला तर तांबं, लोखंड, प्लास्टिक सुटंसुटं निघेल. पण आधी हे पंखे मरतात कशाने, ते तुम्हीच सांगू शकाल.”

“म्हणजे मी सांगायचं कुठून उघडतो, आणि पुढच्या खेपेला तुम्ही तिथेच गोंद ओतणार!”

“स्क्रू लावणार.”

“मग मी काय करू? स्क्रू मोजत बसू?”

तरी त्याने दोन गोष्टी सांगितल्या. झाकण गरम हवेने शेकून, फटीत जुन्या एक्स-रेची पट्टी सरकवून तो उघडतो. आणि मोटारीच्या फिरत्या दांड्याला आधार देणारी पितळी बुश कोरडी पडते, कारण तेल घालायला भोकच ठेवलेलं नाही. बाईने लिहून घेतलं.

“आणि जळालेली मोटार? ती तुम्ही न बदलता चालू करता म्हणे.”

“ती तिसरी गोष्ट... आत्ता आठवत नाही. सांगतो आठवून.”

“नक्की? महिनाअखेर डिझाइन पक्कं होईल.”

“शब्द दिला ना.”

आठवत नव्हतं कसलं! मोटार जळतच नाही. बुश कोरडी पडली की मोटार तापते, आणि तारेच्या गुंडाळीवरच्या दोऱ्याखाली दडवलेला तांदळाएवढा फ्यूज तेवढा जातो. बाकीचे दुरुस्तीवाले ‘मोटार गेली’ म्हणून पंखा फेकायला सांगतात. वकील दोऱ्याचे चार वेढे सोडवून तसाच नवा फ्यूज बसवतो. घरातली निम्मी चूल त्यावर चालायची.

तीन आठवड्यांनी नमुन्याचा पंखा आला. वकिलाने त्याचीही उलटतपासणी घेतली. चार स्क्रू, चारही एकाच मापाचे. तेलाला भोक, वर रबरी बूच. वाईट काही सापडेना, तसा त्याचा संशय वाढला. शेवटी मोटार काढली. फ्यूज पूर्वीसारखाच दोऱ्याखाली.

“सांगून टाका की तिला,” बायको म्हणाली. “बाहेर बसवला की कोणीही बदलेल.”

“आणि आपण?”

“हा पंखा जुना होईतो तुम्ही सत्तरीचे व्हाल. आत्ताच एकावर एक दोन चष्मे लावता. तेव्हा दोरा दिसणार आहे की त्यासाठीही पाटी लावू?”

त्याने फोन लावला. “स्क्रू बरे आहेत.”

“थँक यू, काका! आणि तिसरी?”

फोनवर तिच्यामागे कोणीतरी खाकरलं.

“शेजारी कोण आहे?”

“आमचे साहेब.”

“मग नाही आठवत. सोमवारी या. एकट्या या.”

फोन ठेवून तो कामाला बसला. नमुन्यातला फ्यूज दोऱ्याखालून काढला, गुंडाळीच्या कडेला हाताशी येईल असा चिमट्यात बसवला. पंखा लावून पाहिला. छान चालला. लगेच बंद करून त्यावर फडकं टाकलं.

“कोणी विचारलं तर बिघडलाय म्हणायचं,” त्याने बायकोला बजावलं.

“आणि सोमवारी तिने विचारलं तर?”

“ती खरंच एकटी येते का, ते आधी बघू.”

आज शनिवार. तिसरी गोष्ट अजून सांगायचीच आहे.