जनरेटरशेजारची गिटार

सायलीने काउंटरवरून हात लांब करून मोबाइल माझ्या कानाला लावला. रेकॉर्डिंगमध्ये ढोल होते, ताशे होते आणि त्या सगळ्यांच्या वर एकसारखं ‘घूंऽऽऽ’ होतं.

“काका, ही न वाजवताच एवढी वाजतेय,” ती म्हणाली. “मी काय वाजवते ते मलाच ऐकू येत नाही.”

ही म्हणजे चारच दिवसांपूर्वी मी तिला विकलेली इलेक्ट्रिक गिटार. गिरगावातल्या वाद्यांच्या दुकानात मी सव्वीस वर्षं आहे. दुरुस्ती करतो आणि गिऱ्हाइकांना वाद्य निवडून देतो. माझ्या हातून गेलेलं वाद्य परत येत नाही, असं मी चारचौघांत सांगत असतो. त्या बुधवारी ती सोय राहिली नाही.

सायली करी रोडची. लॅबमध्ये नोकरी करते. तिचे वडील पांडू मास्तर म्हणजे बेंजो पार्टीचे मुख्य वादक. बेंजो हे टाइपरायटरसारखी बटणं असलेलं तारांचं वाद्य. टेम्पोवर बेंजो, ढोल, स्पीकर आणि मागे जनरेटर, अशी पार्टी गणपतीच्या आगमनाला निघते. यंदा मास्तरांचा खांदा धरला. डॉक्टरांनी तास-तास वाजवायला बंदी घातली. सायली कॉलेजपासून साधी गिटार वाजवायची, म्हणून पार्टीने तिला उभं करायचं ठरवलं. मंडळाच्या कार्यकर्त्यांनी मात्र अट घातली. पहिला अर्धा तास बघू. नाही जमलं तर दुसऱ्या पार्टीचा बेंजोवाला खालीच उभा असेल. आगमन रविवारी होतं.

म्हणजे पोरीच्या हातात तीन दिवस होते, आणि ‘घूं’ माझ्यामुळे होतं.

मी गिटार उघडली. तारांखाली पिकअप असतो. पिकअप म्हणजे चुंबक आणि त्याभोवती गुंडाळलेली बारीक तांब्याची तार. तो तारांची थरथर पकडतो आणि स्पीकरकडे पाठवतो. पण पिकअपला एकच गुंडाळी असेल तर तो आजूबाजूच्या विजेची गुणगुणही इमानदारीत पकडतो. आमच्या एसी डेमो रूममध्ये हा आवाज नावालाही नव्हता. टेम्पोवर जनरेटर तीन फुटांवर. मी आत तांब्याचा पातळ पत्रा चिकटवून पाहिला. किरकिर कमी झाली, गुणगुण तशीच राहिली.

यावर इलाज म्हणजे दोन गुंडाळ्यांचा पिकअप. त्याला हंबकर म्हणतात. दोन्ही गुंडाळ्या उलटसुलट जोडलेल्या असतात, त्यामुळे गुणगुण आपापसांत कापली जाते. थोडक्यात, गिटारच बदलायला हवी होती. मी शेठकडे गेलो.

“वापरलेला माल परत घेत नाही,” शेठ म्हणाले. “बोर्ड कशाला लावलाय?”

“चूक तिची नाही शेठ, माझी आहे. बजेट विचारलं, रंग विचारला, पण वाजवणार कुठे ते विचारलंच नाही.”

“सव्वीस वर्षांत नाही विचारलं?”

“टेम्पोवाली पहिलीच आली.”

शेठनी शोकेसची चावी माझ्यापुढे सरकवली. मग म्हणाले, “दोन घेऊन जा. त्याच किमतीतल्या. आणि ओरखडा पडला तर साळवी, तुझ्या लग्नात आहेर केला असं समजेन.”

“माझ्या लग्नाला तीस वर्षं झाली.”

“मग मुलीच्या.”

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायच्या आधी मी दोन गिटारी घेऊन करी रोडला पोचलो. गल्लीत टेम्पो उभा, जनरेटर सुरू, चाळीच्या गॅलऱ्या माणसांनी भरलेल्या. मास्तर खुर्चीवर गळ्यात हात अडकवून बसले होते. त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, त्या नजरेने शिळा बांगडा बघतात.

“चेडवाक वाजवूक येता, ता माका ठावक हा,” ते सायलीकडे बोट दाखवत म्हणाले. “तुमच्या लाकडाचा काय ता बघा.”

पहिली गिटार लाल, चकचकीत. हंबकरवाली. सायलीने वायर जोडली. जनरेटर धडधडत होता आणि स्पीकर एकदम गप्प. तिने कोळीगीताची चाल छेडली. सूर असे स्वच्छ निघाले की गॅलरीतून शिट्ट्या आल्या. सायली खूश, मी खूश. मी दुसरी गिटार बॅगेतून काढलीसुद्धा नव्हती आणि आता काढणारही नव्हतो.

“थांबा,” मास्तर म्हणाले. “टेम्पो चालव रे.”

“कशाला मास्तर? आवाज तर झाला ना नीट?”

“आमी काय उभ्या टेम्पोत वाजवतो?”

टेम्पो निघाला. स्पीडब्रेकरवर धक्का बसला, सायलीचा तोल गेला आणि तिचा हात गिटारच्या दांडीवर दाबला गेला. त्या गिटारीत तारा अडकवायची पट्टी, म्हणजे ब्रिज, स्प्रिंगांवर तरंगत असतो. त्याला जोडलेली ही दांडी दाबली की सूर खाली-वर होतो. महागड्या गिटारीत तो पुन्हा जागेवर येतो, स्वस्त गिटारीत येईलच असं नाही. आमचा नाही आला. पुढची ओळ इतकी बेसूर वाजली की ढोलवाल्याने हात थांबवला.

सव्वीस वर्षांचा अनुभव आणि आठवड्याभरात दुसरी चूक. मला माझंच हसू आलं.

दुसरी गिटार बाहेर काढली तेव्हा सायलीचा चेहरा पडला. हंबकर होते, ब्रिज घट्ट बसवलेला होता, वजन कमी होतं. रंग मात्र पिवळाधमक. म्हणूनच ती दोन वर्षं शोकेसमध्ये पडून होती.

“काका, मी वाजवायला चाललेय की हळद लावून घ्यायला?”

“डोळे मीट आणि वाजव,” मास्तर म्हणाले.

टेम्पोने गल्लीला तीन फेऱ्या मारल्या. ड्रायव्हरने मुद्दाम एकही खड्डा सोडला नाही. सूर हलला नाही. मास्तर खुर्चीत मागे टेकले, त्यांनी फक्त मान डोलवली. मी तिथेच तारा थोड्या खाली घेऊन दिल्या, म्हणजे बोटांना कमी जोर लागतो, आणि जुनी आणि लाल गिटार घेऊन दुकानात आलो.

रविवारी शेठना सांगून दुपारीच निघालो. शेठ म्हणाले, थांब, मीही येतो.

सुरुवातीला सायली तारांकडेच बघून वाजवत होती. एक ओळ चुकली, ढोलवाल्यांनी जोर लावून ती झाकली. बेंजोवाला टेम्पोच्या बाजूने वाद्य खांद्याला लावून चालत होता. कार्यकर्ता घड्याळ बघत होता. वीस मिनिटांनी तिने चाल बदलली आणि पुढची पोरं नाचता नाचता मागे वळून टेम्पोकडे बघायला लागली. अर्धा तास झाला, चाळीस मिनिटं झाली. कार्यकर्त्याला घड्याळ बघायचं भान नव्हतं, कारण तो स्वतः नाचत होता. बेंजोवाल्याने वाद्य माझ्या हातात दिलं आणि तोही घुसला.

मी मास्तरांना शोधलं. ते टेम्पोजवळ नव्हते. गर्दीच्या मध्यभागी, दुखरा हात पोटाशी धरून, दुसरा हात वर करून मास्तर नाचत होते. तीस वर्षं त्यांनी अख्ख्या गिरणगावाला नाचवलं. वाजवणारा माणूस टेम्पोवरून कधी उतरणार? आयुष्यात पहिल्यांदाच ते आपल्या पार्टीपुढे नाचत होते, आणि सपशेल ठेक्याबाहेर. सायलीने वरून पाहिलं, हसता हसता तिचे दोन सूर सुटले. कोणाच्याही लक्षात आलं नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, त्यामुळे मीही फार चिकित्सा केली नाही.

आता गिटार घ्यायला कोणीही आलं की मी आधी विचारतो, वाजवणार कुठे? बजेट त्यानंतर. शेठ म्हणतात, यात गिऱ्हाइकामागे अर्धा तास जातो. जातो खरा.