सारजा परटिणीची फडकी

कासार आंबोलीच्या सारजाबाई परटिणीवर कुणी चार ओळी लिहिणार नाही, म्हणून मी लिहितो. तोंड वर करून लिहायचा हक्क मला नाही, हेही आधीच सांगून टाकतो. मी तेव्हा पौडच्या दवाखान्यात कंपाउंडर होतो.

सत्तावन्न साली पौडच्या शाळेत डोळ्यांच्या ऑपरेशनचं शिबिर ठरलं. पुण्याच्या डॉक्टरांनी चार महिने आधी निरोप धाडला. डोळा टिपायला जुनं, धुऊन धुऊन विरलेलं सुती कापड हवं. कोऱ्या कापडाचे बारीक तंतू सुटतात, आणि उघड्या डोळ्यात एक तंतू राहिला तरी डोळा नासतो. असलं काम सांगायचं कुणाला? सारजाबाईला. तिचा नवरा बहिरू यादीत होताच. एक डोळा लहानपणी देवीत गेलेला, उरलेल्यात मोतीबिंदू. कुणाचा सदरा, कुणाचं धोतर, हे तो आता नुसत्या बोटांनी ओळखायचा.

बाई अशी कामाला लागली की विचारू नका. घरोघरची जुनी धोतरं गोळा केली. एखादं जरा दणकट निघालं की बाजूला टाकायची, "ह्ये आजून प्वार हाय, ह्याला शंभर धुनी व्हऊ द्या." सोड्यात उकळायची, नदीच्या वाहत्या पाण्यात सात-सात वेळा खळबळायची, दोरीवरच वाळवायची. कुंपणावर टाकलं तर कुसळं लागतात. कडा आत दुमडून शिवायची, म्हणजे दशा सुटत नाहीत. मग शाळेतली काळी पाटी घ्यायची, तिच्यावर फडकं घासायचं आणि पाटी उन्हात तिरपी धरायची. पांढरा एक केस दिसला की फडकं बाद.

मी एकदा म्हटलं, "सारजाबाई, एवढं कोण बघतंय?" तर अंगावरच आली.

"कंपौंडरदादा, तुमचे दोन हायेत. आमचा येकच ऱ्हायलाय."

शिबिराच्या दिवशी हैबतराव पाटील वाजतगाजत आले. बरोबर मांजरपाटाचे दोन कोरे तागे, वर हळदकुंकू लावलेलं. देवाला आणि पाहुण्याला कोरंच द्यायचं, ही आपली रीत. सारजाबाईचं गाठोडं बघून त्यांचं टाळकंच फिरलं.

"पुन्याचा डाक्टर येतोय, आन् त्याच्या हातात लोकांची जुनी धोतरं? गावाची काय अब्रू हाय का न्हाई?"

मी त्यांना डॉक्टरांचं म्हणणं समजावून सांगितलं. कोऱ्या कापडाने डोळा जाऊ शकतो, असं स्पष्ट बोललो. हैबतरावांना ते पटलं. पण तागे फाडून उकळायला टाकायला लावलेच, एवढा गाजावाजा करून आणलेले परत कसे न्यायचे? मग मला बाजूला घेतलं. त्यांची आई तुळजाबाई पहिल्याच नंबरला होती.

"त्ये गाठोडं आईसाठी ऱ्हाऊ द्या. म्होरं पट्ट्या बदलायच्या हायेत, समदं लागंल."

मला ही नोकरी हैबतरावांच्या शब्दावर लागलेली. मी गाठोडं त्यांच्या हातात दिलं. जळो ते मिंधेपण!

तुळजाबाईनंतर बहिरू. डॉक्टरांनी मांजरपाटाचा तुकडा उचलला आणि भडकले.

"याचे तंतू सुटताहेत! मघाचं जुनं कापड कुठंय?"

"संपलं, साहेब," मी म्हणालो.

डोळा उघडलेला, थांबायची सोय नव्हती. डॉक्टरांनी तुकडा दोनदा झटकला आणि टिपलं. गाठोडं शेजारच्या वर्गात, दहा पावलांवर होतं. बाहेर ओसरीवर सारजाबाई हात जोडून बसली होती. आपलंच फडकं नवऱ्याच्या डोळ्याला लागतंय, असं तिला वाटत होतं.

पाचव्या दिवशी पू झाला, अकराव्या दिवशी डोळा काढावा लागला. तंतू आत राहिला असावा, असं डॉक्टर म्हणाले. सारजाबाईने कपाळ बडवून घेतलं. "माज्याच हातानं आंधळा केला ह्यास्नी," एवढंच ती म्हणत राहिली. लोकही म्हणाले, परटिणीनेच हयगय केली. मी तिथेच उभा होतो आणि माझी जीभ उचलली नाही. एक शब्द बोललो असतो तर त्या बाईच्या डोक्यावरचं पाप उतरलं असतं. वर्षभर बोललो नाही.

पुढच्या साली पौडच्या बाजारात ती बहिरूला हाताला धरून चालली होती. मी मिठाच्या दुकानापाशी उभा होतो. समोरून तुळजाबाई आली, काठी न टेकता.

"सारजे, लांबनंच वळखलं बघ तुला! तुजी फडकी लई मऊ गं. हैबतीनं समदी माज्यासाठीच ठिवली, दुसऱ्या कुनाला येक लावू दिलं न्हाई."

म्हातारीच्या मनात काही नव्हतं, ती कौतुकच करत होती. बोलून पुढे गेलीसुद्धा. सारजाबाई जागच्या जागी थांबली. तिने मान वळवली, मला पाहिलं, आणि मी खाली बघितलं.

"काय म्हनली म्हातारी?" बहिरूने विचारलं.

"काय न्हाई," ती म्हणाली. "माज्या कापडात खोट नव्हती म्हनली."