मराठीतलं उलट बोलणं धरायचं का?

भाचीने बाळ सांभाळायला मला सिंगापूरला आणलं, त्याबद्दल मी तिचे पाय धरायला तयार आहे. पण तिने माझ्याकडून करून घेतलं ते काम भलतंच. ती विद्यापीठात चिनी बोलणाऱ्या शाळकरी पोरापोरींचं वागणं मोजते. मिळूनमिसळून राहता का, मोठ्यांना उलट बोलता का, असले प्रश्न. मी नववीतच शाळा सोडलेली. म्हटलं, "वागणं काय वाटीने मोजतेस?"

"मावशी, माप खरं असेल तर त्याच पोरांनी दोन आठवड्यांनी तीच उत्तरं द्यायला हवीत. ती परत आलीच नाहीत तर सगळं पाण्यात. माझं कंत्राटसुद्धा."

कंत्राट गेलं की आम्ही सगळे परत पुण्याला. मी शंकरपाळी तळायला घेतली.

बिशान नावाच्या वस्तीतल्या हॉलमध्ये पोरं उत्तरं लिहायला आली, तिथे मी शंकरपाळ्यांचा डबा घेऊन बसले. पहिला शनिवार कसाबसा पार पडला. निघताना दातांना तारा लावलेली एक मुलगी म्हणाली, "आंटी, नेक्स्ट टाइम सेम क्वेश्चन? सो बोरिंग लाह. आय नॉट कमिंग." बाकीच्यांनीही माना हलवल्या.

भाची बाहेर फोनवर होती. घाबरून माझ्या तोंडून निघालं, "यू कम, आय टीच मराठी. व्हेरी रूड."

सगळे जागच्या जागी थांबले. मी घोकवून घेतलं, "माझ्या डोक्याला..."

"देन?"

"देन नेक्स्ट टाइम." डब्याचं झाकण लावलं.

मधल्या दिवसांत हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे इथल्या खाऊगल्लीत, ती तारावाली दिसली. आईला ठसक्यात म्हणत होती, "माज्या दोक्याला!" आईने तिच्या ताटलीत आणखी एक डंपलिंग वाढलं. मी खांबाआड.

दुसऱ्या वेळी झाडून सगळे आले. एक खुर्ची रिकामी नाही! पण मोठ्यांना उलट बोलण्याचा प्रश्न आला आणि तारावालीने हात वर केला. "मराठीत बोललं तर धरायचं का?"

भाचीने हळूच माझ्याकडे पाहिलं. आता हिचं उत्तर बदलणार, गेलं कंत्राट, मी मनात म्हटलं.

"काय बोललीस?" भाचीने तिला विचारलं. तिने म्हणून दाखवलं.

भाची ओठ दाबून म्हणाली, "अर्धं वाक्य धरत नाहीत. ते सोडून खरं असेल ते लिही."

सगळ्यांचं लिहून झालं, कागद पाकिटात गेले, तेव्हा कुठे मी उरलेलं शिकवलं. हॉलभर पोरं भाचीकडे वळून एका सुरात ओरडली, "माज्या दोक्याला ताप देऊ नका!"

"मावशी!" भाची म्हणाली. पण तिच्या तोंडात शंकरपाळं होतं, त्यामुळे धाक काही बसला नाही.