बुचाची फट

समजा, पितळेचा मोठा बाजा तुमच्या मांडीवर आहे. त्याच्या रुंद तोंडात पोकळ लाकडाचं, शंकूसारखं बूच बसवायचंय. आत ढकललंत की जरा पिळा, म्हणजे निसटणार नाही. मग फुंका. अंगण हादरवणारा आवाज माजघरातच राहतो. सराव संपला की बूच काढा, आत साठलेलं पाणी निथळू द्या, कोरडं पुसा. मालवणच्या पावसाळ्यात एवढं करायचं राहिलं तरी बुचाच्या कडेवर चिकटवलेल्या तीन पट्ट्या कुजतात.

गणपतचं तेच राहिलं. लग्नाच्या बँडमध्ये तो मोठा बाजा वाजवायचा. शेजारच्या सुभद्राकाकी अंथरुणाला खिळलेल्या, म्हणून मुंबईहून आणलेलं जुनं बूच लावून त्याचा सराव चाले. १९५८च्या श्रावणात पट्ट्या सुटल्या. दसऱ्याला बँडमास्तर प्रत्येकाचा दम पाहून मोठा बाजा कुणाकडे ते ठरवणार होते. गणपत बूच घेऊन मेहुण्याकडे, लवूकडे गेला.

लवू होड्यांची कलाफत करायचा; फळ्यांच्या सांध्यांत कापूस ठोकायचा, वर चंद्रुसाची राळ आणि तेल यांचं लुकण भरायचा. त्याच्या हातची होडी कधी गळली नव्हती. त्याने तिन्ही पट्ट्या नव्याने चिकटवल्या आणि मधल्या मोकळ्या जागांवर बोट ठेवलं.

“ह्यो फटी कसल्यो रे? होडयेक अशी फट असती तर तुका सर्जेकोटचो किनारो दिसाचो नाय!”

“कुजान पडल्यो असतील. बूच म्हटल्यार घट्ट होया मा?”

लवूने फटी कापूस-लुकणाने बुजवल्या. गणपतने फुंकलं. तोंड लालबुंद झालं, सूर कसाबसा निघाला.

“दम कोंडता रे, लवू.”

“कोंडांदे! दसऱ्याक बूच काढशीत तेव्हा दर्यो मागे सरात.”

दोघे हसले. गणपत रोज अधिक जोर लावू लागला. तिसऱ्या आठवड्यात खोकल्यातून रक्त पडलं. डॉक्टर म्हणाले, छाती आधीच पोखरलेली होती. दसरा उजाडायच्या आत गणपत गेला.

मास्तर गणपतच्या बायकोला, लवूच्या बहिणीला, सुशीलेला भेटायला आले. कोनाड्यातलं बूच त्यांनी हातात घेऊन फिरवलं.

“ह्या फटी कुणी बुजवल्या? वारा ह्यांतूनच बाहेर जातो. आपण ह्याला उगाच बूच म्हणतो.”

लवू दाराशीच बसला होता. त्याचे हात लुकणाने काळे होते.

सुशीलेने त्याला कधी बोल लावला नाही. “तुका खंय म्हायती होता, दादा?” एवढंच ती म्हणायची, आणि ते त्याला अधिक लागायचं. आठ वर्षांनी तो त्याच डॉक्टरांच्या दवाखान्यात रांगेत बसला. नंबर आला तेव्हा नीट शुद्ध मराठीत, घरून घोकून आणल्यासारखं, बोलला:

“मी आजारी नाही, डॉक्टर. छाती आधीच पोखरलेली होती, हे मान्य. पण मी त्या फटी उघड्या ठेवल्या असत्या, तर गणपत वाचला असता का?”