घड्याळाखालची कोयरी

मेलेल्या बाईला साडी नेसवायला तीन बायका लागतात. एक उचलते, एक साडी खालून सरकवते, एक निऱ्या घालते.

काल आम्ही दोघीच होतो. मी आणि सूनबाई.

बाकीच्या आधीच गेल्या. त्यांनाही मीच नेसवलंय.

दमले आता.

आमची शैला गेली. इथे अमेरिकेत, पिस्कॅटवेत आले तेव्हाची माझी पहिली मैत्रीण. भूल देणारी डॉक्टर. जन्मभर लोकांना झोपवलं आणि परत उठवलं. स्वतः मात्र उठली नाही.

मी बोलतेय, सूनबाई आपल्या ग्रुपवर टाइप करतेय. मला अक्षर येत नाही, हे तुम्हाला ठाऊकच आहे.

फ्युनरल होमचा माणूस म्हणाला, सगळं काढून घ्या. मंगळसूत्र काढलं. बांगड्या काढल्या. कुड्या काढल्या.

घड्याळ शेवटी काढलं.

तिचा अमित बाजूलाच उभा होता. पन्नाशीला आलेला माणूस, पण चेहरा एकदम पोराचा झाला.

"काकू, व्हाय इज देअर अ कॅश्यू ऑन मॉम्स रिस्ट?"

काजू नाही रे बाबा. कोयरी आहे ती.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. अमित तेव्हा डायपरमध्ये होता.

शैलाची आई पुण्यात वारली. हिला रजा मिळेना, तिकीट मिळेना. जाणं झालंच नाही. नंतर कुणाबरोबर तरी आईच्या पाटल्या आल्या, रुमालात बांधून. पाटल्यांवर बारीक कोयऱ्या.

हिनं त्या तांदळाच्या ड्रममध्ये ठेवल्या. आपल्या सगळ्यांचं लॉकर तेव्हा तेच.

गणपतीला आम्ही सगळे शाळेच्या हॉलमध्ये आरती करत होतो, तेवढ्यात चोर आला. टीव्हीला हात लावला नाही. सरळ तांदूळ उपसले.

त्यालाही ठाऊक होतं आपलं लॉकर.

भाऊजी, म्हणजे शैलाचा नवरा, म्हणाले, "इन्शुरन्स आहे ना, दुसऱ्या करू."

शैला माझ्याकडे आली, किचनमध्ये बसली, आणि माझ्या हातावरचं गोंदण बघत राहिली.

"वहिनी, हे कुणी चोरणार नाही ना?"

"कोण चोरेल? मी लहान असताना गोंदणारीण आली होती, मावशीनं धरून बसवलं होतं मला. म्हणायची, रडू नकोस, मेल्यावर सोनं उतरवतात, हे नाही उतरवत कुणी."

"मग मला पण पाहिजे. आईच्या पाटलीवरची कोयरी."

"वेडी झालीस? सासूबाई आहेत घरात."

तिच्या सासूबाई पुण्याच्या. त्यांच्या लेखी गोंदण म्हणजे आमच्यासारख्या खेडवळ बायकांचं काम. तोंडावर म्हणायच्या मला. वर माझ्याच हातच्या भाकऱ्या मागून खायच्या.

"त्यांना दिसणार नाही असं ठिकाण सांग," शैला म्हणाली.

"तूच सांग, तू डॉक्टर."

"दंडावर?"

"तुझ्या ब्लाउजच्या बाह्या बघ केवढ्या आखूड."

"पाठीवर?"

"मग तुला कसं दिसणार?"

"पोटावर?"

"आणखी एक पोर झालं तर कोयरीचा भोपळा होईल."

हसली. किती दिवसांनी हसली होती.

"मग पायावर. मोजे असतात."

"आईला पायाशी ठेवतेस?"

मग मात्र रडायलाच लागली. मला वाटलं, जीभ आवरायला हवी होती बाई.

तोंड धुवायला सिंकपाशी गेली. घड्याळ काढून ओट्यावर ठेवलं. मनगटावर पट्ट्याएवढी गोरी जागा होती.

तिथेच बोट ठेवून उभी राहिली.

"वहिनी. आईची पाटली इथेच असायची."

संपलं. ठरलं.

समुद्राकाठी एक टॅटूचं दुकान होतं, तिथे गेलो. आत सगळे दाढीवाले मोटरसायकलवाले, आणि मी नऊवारीत. दुकानदार माझे दोन्ही हात, कपाळ, हनुवटी बघून शैलाला म्हणाला, "शी हॅज मोअर दॅन मी!"

दिवसभर लोकांना सुया टोचणारी आमची डॉक्टरीणबाई. त्याला हात दोनदा धुवायला लावले, नवी सुई काढायला लावली, आणि मशीन सुरू झाल्यावर माझ्या खांद्यात तोंड खुपसलं. मावशीनं मला धरलं होतं तशी धरली तिला.

कोयरी तिनं कागदावर काढून दिली होती. शैलाला चित्रकला येत नव्हती.

म्हणून काजू झाला.

त्यानंतर घड्याळ घरात कुणासमोर उतरलं नाही. भाऊजींना वाटायचं, बायको वेळेची फार पक्की. अहो, ती एका हळदीकुंकवाला कधी वेळेवर आली नाही! पुढे घड्याळ बंद पडलं, तरी हातात तेच.

सासूबाई गेल्या. भाऊजी गेले. मी म्हटलं, "आता दाखव की."

"नको वहिनी. दाखवलं की सांगावं लागतं. सांगितलं की मी रडते."

परवा हॉस्पिटलमध्ये मात्र माझा हात धरून म्हणाली, "घड्याळ तू काढ. मग सांग अमितला. आणि गावभर केलंस तरी चालेल. तुला राहवणार नाहीच."

बघ, केलं गावभर.

काल सगळं ऐकून झाल्यावर अमितनं त्या काजूवर अंगठा फिरवला. मग घड्याळ खिशात टाकलं आणि मला म्हणाला, "काकू, हात झाकू नका. आजीची बांगडी दिसू दे."

मी तिचा पदर सारखा केला आणि मनगट वर ठेवलं.

सूनबाई म्हणते, शेवटी भावपूर्ण श्रद्धांजली लिहायचं असतं. लिही बाई, तुला लिहायचं तर.

मी एवढंच सांगते.

शैला, अंगावरचं सगळं काढून घेतलं गं तुझं. आईची पाटली तेवढी हातात आहे.

नीट जा.